लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दापोडी : शाळेपासून पदवीपर्यंत

जुन्या मुंबई रस्त्याने पुण्याबाहेर पडले की बोपोडीनंतर मुळेवरचा हॅरिस पूल लागतो आणि पलीकडे दापोडी सुरू होते. कासारवाडीच्या दिशेने जाताना लष्कराची जी लांबच लांब भिंत सोबत येते, तिच्या आत ‘कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग’ आहे. पुणेकर त्याला नुसते ‘सीएमई’ म्हणतात. रोज हजारो लोक त्या भिंतीवरून जातात, पण आत काय शिकवले जाते याची कल्पना फार थोड्यांना असते. पूल बांधणे, सुरुंग काढणे, रस्ते आणि धावपट्ट्या तयार करणे, वीज-पाण्याची सोय करणे ही सगळी कामे येथे शिकवली जातात. लष्करात राहून हे काम करणाऱ्याला बाहेरच्या जगाने अभियंता म्हणून मानावे, यासाठी लागणारी पदवीही येथेच मिळते. या संस्थेचा इतिहास प्रामुख्याने या दुसऱ्या कामाचा आहे, म्हणून या लेखात भर त्यावर दिला आहे.

आधीची परंपरा

भारतात आधुनिक अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले ते लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. ब्रिटनमध्ये चॅटम येथे १८१२ साली चार्ल्स पॅस्ली याने रॉयल इंजिनिअर्ससाठी शाळा काढली. तेथून शिकून आलेल्यांना हिंदुस्थानात किल्ले आणि तोफांचे मोर्चे यांच्याबरोबरच कालवे, रस्ते आणि धरणेही बांधावी लागली. सार्वजनिक बांधकामाचा बराच भार या गणवेशातल्या माणसांवर होता.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे एक उदाहरण मुंबईत घडले. बॉम्बे इंजिनिअर्समधला कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने १८२३ च्या सुमारास मुंबईत ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ सुरू केली. सर्वेक्षण आणि बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती, आणि ती देशी भाषांतून शिकवून तयार करायची होती. त्यासाठी मराठीत गणिताची पुस्तके लागली. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने जर्व्हिसने ती लिहून घेतली. मराठीतल्या आरंभीच्या छापील गणितपुस्तकांमागे एका लष्करी अभियंत्याची नड होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

पुढे १८४७ मध्ये रुडकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याचे पहिले प्राचार्य लेफ्टनंट मॅक्लॅगन हे बेंगॉल इंजिनिअर्सचे अधिकारी होते. सुरुवातीच्या वर्गांत गोऱ्या पलटणींतले शिपाई आणि नायक-हवालदार दर्जाचे लोकही बसत आणि ओव्हरसियर होऊन बाहेर पडत. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून आजचे सीओईपी उभे राहिले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणाची आखणी रॉयल इंजिनिअर्सच्या कर्नल फाइफने केली. जलाशयाला त्याचे नाव बरीच वर्षे होते. त्याच धरणावर पुण्याच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. लष्करी आणि मुलकी अभियांत्रिकी एकाच भिंतीवर भेटल्याचे हे पुण्यातले उदाहरण आहे.

सैनिकांच्या बाजूने पाहिले तर मद्रास, बेंगॉल आणि बॉम्बे हे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियांत्रिकीचे काम करणाऱ्या सैनिकांचे, तीन गट अनुक्रमे १७८०, १८०३ आणि १८२० पासूनचे. बॉम्बे सॅपर्सचे ठाणे दापोडीसमोर, नदीच्या अलीकडे खडकीला. मात्र या गटांतले शिक्षण कामाला लागणाऱ्या कौशल्याचे होते. अधिकाऱ्यांचे उच्च तांत्रिक शिक्षण बहुतांशी ब्रिटनमध्ये किंवा मुलकी महाविद्यालयांत होई. भारतीय लष्करी अभियंत्याला त्याच्या हक्काची अशी शाळा नव्हती.

रुडकी, १९४३

दुसऱ्या महायुद्धाने ती गरज टाळता न येण्याजोगी केली. आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या आघाड्यांवर भारतीय सॅपर्सच्या तुकड्या झपाट्याने वाढत होत्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेत बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी सलग चार दिवस रस्ता साफ करत ५५ मैलांच्या टप्प्यात सुरुंगांची १५ क्षेत्रे शोधून काढली. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या युद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी होते. अशा कामासाठी धैर्य लागतेच, पण सुरुंगाची रचना, स्फोटकाची जात आणि जमिनीची ओळखही लागते. शेकड्यांनी भरती होणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांना ती शिकवायची कुठे?

१९४३ मध्ये रुडकीला ‘स्कूल ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग’ स्थापन झाले. गावात बेंगॉल सॅपर्सचे केंद्र होते आणि शेजारी वर उल्लेखलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे थॉमसन महाविद्यालय, होते, त्यामुळे जागा सोयीची होती. शाळेचे काम त्या काळाला साजेसे, घाईचे होते. थोड्या महिन्यांत तरुणाला आघाडीवर उपयोगी पडेल इतके शिकवायचे आणि पाठवायचे. पदवीचा विचार करायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

दापोडी, १९४८

स्वातंत्र्य आणि फाळणी यानंतर लष्कराची घडी नव्याने बसली. १९४८ मध्ये शाळा रुडकीहून दापोडीला आली. त्याच वर्षी पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि काही वर्षांत खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आली. लष्करी शिक्षणाचे शहर म्हणून पुण्याची ओळख याच काळात पक्की झाली.

दापोडीला पूर्वेतिहास आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळापासून येथे गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होते. पुढे बार्टल फ्रिअरने गणेशखिंडीत नवा वाडा बांधला आणि दापोडीचे महत्त्व गेले. गणेशखिंडीच्या त्या वाड्यात १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले, आणि त्याच्या आदल्या वर्षी दापोडीत ही शाळा आली होती. गव्हर्नरांनी सोडलेल्या दोन्ही ठिकाणी अशा रीतीने विद्या आली. मुळेचे पात्र, त्याच्या काठची मोकळी, चढउताराची जमीन आणि पलीकडे खडकीचे सॅपर्स हा सगळा परिसर पूल टाकण्याच्या आणि खणण्याच्या सरावाला मिळाला.

१९४८ च्या एप्रिलमध्ये काश्मीरमध्ये बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी जे केले ते या शाळेच्या विद्यार्थ्यांना आजही सांगितले जाते. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे १९४० मध्ये खडकीला शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांचा मार्ग शत्रूने सुरुंग, कापलेली झाडे आणि अडथळे यांनी बंद केला होता. ८ एप्रिलला जखमी होऊनही राणे मागे फिरले नाहीत. गोळीबार चालू असताना ते पुढच्या रणगाड्याच्या खाली, त्याच्या बरोबरीने सरपटत गेले आणि दोरीने खूण करून चालकाला थांबवत-चालवत राहिले. ११ एप्रिलपर्यंत वाट मोकळी झाली आणि १२ तारखेला राजौरी हाती आली. त्यांना परमवीरचक्र मिळाले, आणि ते हयातीत मिळाले. राणे यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. शिपाई म्हणून शिकलेले काम हीच त्यांची विद्या होती. अशी विद्या नोकरीबाहेर कोणत्या कागदावर मोजायची, हा प्रश्न या संस्थेसमोर पुढे सतत उभा राहिला.

महाविद्यालय झाले

१९५१ मध्ये संस्थेचे नाव बदलून ‘कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग’ झाले. बदल नावापुरता नव्हता. लढाईतल्या अभियांत्रिकीच्या जोडीला स्थापत्य, विद्युत आणि यांत्रिकी या शाखांचे पूर्ण शिक्षण येथे द्यायचे ठरले होते, कारण शांततेच्या काळात लष्करी अभियंत्याचे काम मुलकी अभियंत्याइतकेच विस्तृत असते. छावण्या, इस्पितळे, धावपट्ट्या, गोद्या आणि पाणीपुरवठा ही कामे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे १९२३ पासूनची एमईएस, पाहते. सीमेवरच्या रस्त्यांसाठी १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना निघाली. ‘ग्रेफ’ हे तिचे मनुष्यबळाचे अंग असून त्याचे केंद्र पुण्यातच, दिघीला आहे. या दोन्ही ठिकाणी अभियंत्याला निविदा काढाव्या लागतात, अंदाजपत्रके तपासावी लागतात, ठेकेदाराशी आणि न्यायालयाशी गाठ पडते. तेथे केवळ हुद्दा पुरत नाही. विषयाचे शास्त्रशुद्ध ज्ञान लागते आणि ते असल्याचा पुरावाही लागतो.

कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये येणारा अधिकारी दोन वाटांनी येतो. काही जण पदवी घेऊनच येतात. इतरांना आधी सैन्यात नेमणूक मिळते, आणि पलटणीत काही वर्षे काढल्यावर त्यांना दापोडीला पदवी अभ्यासक्रमासाठी बोलावले जाते. दुसऱ्या वाटेने आलेला विद्यार्थी वेगळा असतो. तो कधी हिमालयात रस्ता राखून आलेला असतो, कधी राजस्थानच्या वाळूत पाण्याची सोय करून. वर्गात बसून तो मृदायांत्रिकी शिकतो तेव्हा दरड कशी कोसळते हे त्याने आधी पाहिलेले असते.

सध्या या पदव्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या असतात. खडकवासल्याची प्रबोधिनी, महूचे दूरसंचार महाविद्यालय आणि सिकंदराबादचे ईएमई महाविद्यालय याच विद्यापीठाशी जोडलेले आहेत. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांसाठी नावाजलेले विद्यापीठ बी.टेक. देते, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. देशभर विखुरलेल्या लष्करी संस्थांना एका केंद्रीय विद्यापीठाची मान्यता असल्याने विद्यार्थ्याची पुढची बदली कुठेही झाली तरी पदवीचे मोल बदलत नाही.

बारावीनंतर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन थेट येणाऱ्या मुलांसाठी तांत्रिक प्रवेश योजना आहे. तिच्या नव्या रचनेत पहिली तीन वर्षे दापोडी, महू किंवा सिकंदराबाद येथे आणि चौथे वर्ष डेहराडूनच्या भारतीय लष्करी अकादमीत काढावे लागते. खांद्यावर तारे लागतात तेव्हा या मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण होऊन गेलेले असते. १९४३ ची घाईची शाळा आणि ही व्यवस्था यांच्यात केवढे अंतर पडले आहे, ते यावरून दिसते.

पदव्युत्तर शिक्षण, अण्वस्त्र-जैविक-रासायनिक हल्ल्यापासून संरक्षण आणि स्फोटकांची हाताळणी यांचे अभ्यासक्रमही येथे चालतात. यूपीएससीच्या परीक्षेतून एमईएसमध्ये येणारे मुलकी अधिकारी आणि मित्रदेशांतले अधिकारीही येथे शिकायला येतात.

एक पूल जवळून

येथल्या शिक्षणाचा कस पाहायचा तर बेली पुलाचा सराव पाहावा. डोनल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने महायुद्धात काढलेला हा पूल अजून जगभर वापरात आहे. त्याचा मूळ घटक म्हणजे पोलादी पट्ट्यांचे एक चौकट-जाळे. दहा फूट लांब, सुमारे पाच फूट उंच आणि वजनाला साधारण २६० किलो. सहा जण खांद्यावर आडव्या दांड्या घेऊन ते उचलतात. दोन जाळी समोरासमोर आणून खिळ घातली की वीस फूट झाले. मग आडव्या तुळया, त्यावर लांबट पट्ट्या, वर फळ्या. सगळा पूल अलीकडच्या काठावर रुळांवर जोडला जातो. पुढे एक हलके नाक लावतात आणि माणसांच्या रेट्याने किंवा वाहनाने तो हळूहळू दरीवर सरकवतात. क्रेनची गरज पडत नाही. पलीकडच्या रुळांवर नाक टेकले की पूल पोहोचला.

जवान येथवरचे काम शिकतो. अधिकाऱ्याला त्याच्या आधीचा हिशेब करावा लागतो. किती फुटांचे अंतर, कोणत्या वजनाचे वाहन आणि जमिनीची धारणशक्ती किती, यावरून जाळ्यांची एक रांग पुरेल की दोन, एक मजला पुरेल की दोन, हे ठरते. एक रांग कमी घेतली तर पूल वाकतो, जास्त घेतली तर वेळ आणि माणसे वाया जातात. पुलाच्या मागच्या बाजूचे वजन कमी पडले तर पूल सरकवताना तो दरीत तोंडघशी पडतो. वाकघूर्ण आणि कर्तनबल हे पदवीचे विषय काठावर उभ्या राहिलेल्या तुकडीच्या जिवाशी थेट निगडित असतात.

महाराष्ट्राने या विद्येचा उपयोग डोळ्यांनी पाहिला आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. त्यानंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे नवे पादचारी पूल बांधण्याचे काम लष्कराकडे आले, आणि बॉम्बे सॅपर्सनी बांधलेले हे पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. २०२४ च्या जुलैअखेर केरळात वायनाडला दरडी कोसळल्या तेव्हा चूरलमला येथे मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली पूल टाकून पलीकडची गावे जोडली. त्या कामात पुढे असलेल्या मेजर सीता शेळके या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या कन्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले होते, पूल टाकण्याची विद्या लष्करात मिळाली. दोन्ही बाजू एका माणसात आल्या की काय होते, ते देशाने तेव्हा पाहिले.

पदवीबाहेरची मान्यता

अधिकाऱ्यांचा प्रश्न पदवीने बराचसा सुटला. पण लष्करात तांत्रिक काम करणारे बहुसंख्य लोक अधिकारी नसतात. त्यांच्यासाठी कित्येक दशके एक वाट फार मोलाची होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये राजसनद मिळालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ या संस्थेची ‘एएमआयई’ परीक्षा. ‘अ’ आणि ‘ब’ असे तिचे दोन भाग. महाविद्यालयात न जाता, नोकरी सांभाळून ती देता येई आणि भारत सरकार तिला पदवीच्या बरोबरीची मानत असे. ज्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्याला एका शहरात चार वर्षे राहून पदवी घेणे अशक्यच. पुस्तके ट्रंकेत घालून फिरणाऱ्या नायक-हवालदारांना, नौदलाच्या तंत्रज्ञांना आणि हवाई दलाच्या मेकॅनिकांना या परीक्षेने अभियंता होण्याचा रस्ता दिला. आपल्या पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत अशा वाटेने वर आलेली माणसे अनेकांच्या पाहण्यात असतील.

सरकारच्या निर्णयानुसार ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ही बरोबरी कायम राहिली. अशा परीक्षांत प्रयोगशाळेचे शिक्षण अपुरे पडते, हा आक्षेप होता आणि तो पूर्ण निराधार नव्हता. पण त्याचा सर्वांत मोठा फटका ज्याला दुसरी वाटच नाही त्याला बसला, आणि गणवेशातला तंत्रज्ञ त्यात पहिला होता.

जवानाच्या बाबतीत दुसरी अडचण नियमांच्या शब्दांत आहे. पंधरा वर्षे सेवा केलेला दहावी उत्तीर्ण माजी सैनिक केंद्र सरकारच्या गट ‘क’ च्या राखीव जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानला जातो. सवलत चांगली आहे. मात्र ज्या पदाला तांत्रिक अथवा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अत्यावश्यक आहे, त्या पदाला ही सवलत लागू नाही. म्हणजे पंधरा वर्षे पूल बांधणाऱ्या, विजेच्या वाहिन्या टाकणाऱ्या किंवा बुलडोझर चालवणाऱ्या सॅपरला कारकुनाच्या खुर्चीत बसता येते, पण ज्या कामात त्याचा हात बसला आहे तेथे त्याला बाहेरचा वेगळा कागद दाखवावा लागतो. अलीकडे लष्करातल्या कामांना राष्ट्रीय कौशल्य पात्रतेच्या चौकटीत बसवण्याचे प्रयत्न होत आहेत. त्यांची दिशा योग्य आहे, पण गवंडी, सुतार, वीजतंत्री, आरेखक आणि यंत्रचालक या सर्व कामांत ते शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायला हवेत.

आपल्याकडे वकिलाला किंवा डॉक्टरला असते तशी कायद्याने दिलेली सनद अभियंत्याला नाही. त्यामुळे पदवी, संस्थेचे सदस्यत्व आणि ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी यांवरच व्यवसायातली ओळख ठरते. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून मान्यताप्राप्त पदव्यांचे मोल परदेशातही वाढले. जितके हे मोल वाढते, तितका पदवी नसलेला पण काम जाणणारा माणूस आणखी मागे राहण्याचा धोका असतो.

आज

गेल्या आठ दशकांत या संस्थेने तिच्यावर सोपवलेले पदवीचे काम उत्तम पार पाडले. भारतीय लष्करी अभियंत्याला पदवीसाठी आता कोणाच्या दारात जावे लागत नाही, आणि दापोडीत मिळालेली पदवी देशभर चालते. २०२१ मध्ये आवारात पाच मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला. रोइंगचे लष्करी केंद्रही येथेच आहे, आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, बॉम्बे सॅपर्समधून आलेला दत्तू भोकनळ तेथे वल्हवायला शिकून रिओच्या ऑलिंपिकपर्यंत गेला. अधिकाऱ्यांच्या शिक्षणापुरते पाहिले तर या संस्थेकडे बोट दाखवावे असे फारसे काही नाही.

जवानाच्या कौशल्याला बाहेर मान्यता मिळवून देण्याचे काम मात्र एकट्या संस्थेच्या हातात नाही. ते आपल्यासारख्या मुलकी अभियंत्यांच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि काम देणाऱ्यांच्याही हातात आहे. या स्मरणिकेच्या वाचकांना म्हणून दोन विनंत्या. ज्यांच्याकडे नोकर भरतीचे किंवा प्रवेशाचे अधिकार आहेत, त्यांनी माजी सैनिकाचे सेवापुस्तक उघडून त्याने कोणते अभ्यासक्रम केले आणि प्रत्यक्ष काय बांधले ते वाचावे, आणि त्याच्या कामाची परीक्षा घेऊन त्याला संधी द्यावी. आणि जे सॅपर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांनी आपले प्रत्येक प्रशिक्षण, प्रत्येक श्रेणी आणि प्रत्येक मोठे काम गणवेश उतरवण्याआधी कागदावर नोंदवून घ्यावे. पलटण सुटल्यावर ती नोंद मिळवायला फार कष्ट पडतात.